पातूरची लेणी आणि आपली नावं

आपली बॅच १९९७ च्या दहावीची. नववीत असताना शाळेची सहल अजिंठ्याला गेली होती, ते बहुतेकांना आठवत असेल. एसटीची लाल गाडी, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि रात्री परत येताना घसा बसेपर्यंत भेंड्या. सहलीनंतर इतिहासाच्या बाईंनी निबंध लिहायला लावला. मी शेवटी लिहिलं होतं, ‘आपल्या अकोला जिल्ह्यात असे काही नाही, याचे वाईट वाटते.’ बाईंनी समासात लाल शाईनं एवढंच विचारलं होतं : ‘पातूरला गेलीस का?’

नव्हते गेले. पुढे अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, मग पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी. वाशीमला आत्याकडे जाताना पातूर किती वेळा लागलं, पण तिथं कधी उतरले नाही. मेळाव्याच्या बैठकीसाठी अकोल्याला आले, तेव्हा एका वर्गमित्राला म्हटलं, चल. तीसेक किलोमीटरचं अंतर कापायला मला इतकी वर्षं लागली. बाई आता नाहीत.

गावालगतच्या टेकडीच्या कुशीत ही लेणी आहेत. १९०८ च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद आहे : खडकात कोरलेले दोन विहार, शिल्पकाम नाही, मात्र खांबांवर आणि तुळयांवर लेख आहेत, जे तेव्हा कुणाला वाचता आलेले नव्हते. अजिंठा पाहिलेल्या डोळ्यांना इथं पहिल्यांदा रितंच वाटतं. पुढे जाड खांब, आत अंधार आणि गारवा. पण चित्रं आणि मूर्ती नसल्यामुळेच नजर बांधणीकडे जाते. खरं तर ‘बांधणी’ हा शब्दच इथं चुकतो. इथं काही बांधलेलं नाही, सगळं काढून टाकलेलं आहे.

घर आपण पायापासून वर नेतो. लेणं वरून खाली उतरतं. आधी छताच्या पातळीला खडकात शिरायचं, छत सारखं करायचं आणि मग खाली खाली खोदत जायचं. जमीन सगळ्यात शेवटी. त्यामुळे छतासाठी उंच परांची बांधावी लागत नाही, पायाखालचा खडकच परांचीचं काम करतो. खांब उभा केलेला नसतो, भोवतालचा दगड काढून तेवढा शिल्लक ठेवलेला असतो. म्हणून खांब कुठं येणार हे पहिल्या घावाआधीच ठरलेलं असावं लागतं. अजिंठ्याचं चोविसावं लेणं अर्धवट राहिलं आहे, तिथं हे काम कसं पुढे जात होतं ते दिसतं. माझ्या धंद्यात चूक झाली की एक कळ दाबून मागे जाता येतं. काळ्या पाषाणातून उडालेली कपची परत बसवता येत नाही.

आता माझ्या निबंधातल्या त्या वाक्याबद्दल. १९३९ मध्ये वाशीमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट सापडला. वत्सगुल्म, म्हणजे आजचं वाशीम, इथून राज्य करणारी वाकाटकांची वेगळी शाखा त्यामुळे स्पष्ट झाली. वा. वि. मिराशींनी अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातला लेख नव्यानं तपासून त्यातली वंशावळ याच शाखेशी जुळवली. ते लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा या शाखेतल्या हरिषेण राजाचा मंत्री, पाचव्या शतकातला. वाशीम जिल्हा वेगळा झाला १ जुलै १९९८ ला. म्हणजे मी तो निबंध लिहिला तेव्हा ही राजधानी अकोला जिल्ह्यातच होती! अजिंठा आपण परक्यासारखा पाहून आलो, आणि ते कोरवून घेणारा मंत्री होता आत्याच्या गावचा.

हे मी उत्साहानं सांगत होते, पण मित्राचं लक्ष नव्हतं. तो मोबाईलचा उजेड पाडून भिंत चाचपत होता. भिंतीवर नावं, बाण, बदाम, सालं.

‘‘काय पाहून रायला रे?’’

‘‘इथंच कुठंतरी होतं वं माह्यं नाव. आठवीत असताना मामासंग आल्तो. खिळ्यानं कोरलं होतं.’’

‘‘काहून कोरलं पण?’’

‘‘नाव राहावं म्हनून. अजून काय!’’

आम्ही दोघंही हसलो आणि मग हसू थांबलं. नाव सापडलं नाही. त्यावर नंतरच्या कुणी कुणी आपली नावं कोरली होती. या खांबांवरचे जुने लेखही असेच कुणाच्या तरी खिळ्याखाली येत गेले असतील. शाळेत त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं, असं मी म्हणणार होते. पण मला तर बाईंनी सांगितलं होतं, तरी मी आले नव्हते. त्यानं निदान लेणी पाहिली तरी होती.

निघताना तो म्हणाला, ‘‘पोराले घेऊन येतो एकडाव. खिळा घरी ठेवून.’’

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपार मोकळी आहे. एक गाडी पातूरला न्यावी, अशी संयोजकांना विनंती आहे. अंतर थोडं आहे, दुपारच्या चहापर्यंत परत येऊ. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर आपल्यापैकी अनेकांनी अजून दिलेलं नाही.