थिवी स्थानक : तालुक्याबाहेरचे, तरी आपले

चवथ जवळ आली की पाळीतल्या घराघरांत एक चौकशी सुरू होते. मुंबईची, पुण्याची माणसे कुठल्या गाडीने येणार? उत्तरात गाडीचे नाव काहीही असो, उतरायचे ठिकाण बहुतेक वेळा थिवीच असते. थिवी बार्देशात आहे, आपल्या डिचोली तालुक्यात नाही. तरीही डिचोली, साखळी, पाळी या भागाचे स्थानक म्हणून आपण त्याचेच नाव घेतो. हे असे का झाले, याला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

गोव्यात रेल्वे आली ती पोर्तुगीज काळात. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर मुरगाव बंदरापासून घाटमाथ्यावरील कॅसलरॉकपर्यंत मीटरगेज मार्ग बांधला गेला आणि १८८० च्या दशकात त्यावर गाड्या धावू लागल्या. या मार्गाचा मुख्य हेतू बंदर घाटावरच्या मुलखाशी जोडणे हा होता. मडगाव, सावर्डे, कुळे ही गावे त्या वाटेवर आली. मांडवीच्या उत्तरेकडील पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादीतल्या महालांना मात्र त्या रुळांचा स्पर्श झाला नाही.

आपल्याकडची वाहतूक नदीवर चाले. पुढे खाणींचा धंदा वाढला तेव्हाही डोंगरावरचे खनिज ट्रकने धक्क्यावर आणि तिथून बार्जने मांडवीमार्गे मुरगावला जाई. नदी दारातच असल्याने मालाला रेल्वेची निकड भासली नाही. माणसांना मात्र ती भासत होती. मुंबईला जायचे तर पणजीहून बोटीने, नाहीतर रात्रभर बसने. रेल्वेनेच जायचे म्हटले तर आधी दक्षिण गोवा गाठायचा, मग घाट चढून लोंढा आणि मिरज या वाटेने मोठा वळसा घ्यायचा.

१९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली आणि हे चित्र पालटण्याची आशा निर्माण झाली. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांनी या मार्गाचा पाठपुरावा केला, तर ई. श्रीधरन यांनी बांधकामाची धुरा वाहिली. महामंडळाच्या भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, तर गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६ टक्के होता. म्हणजे या रुळांत आपल्या राज्याचाही पैसा आहे.

गोव्यात मात्र काम सरळ झाले नाही. खाजन जमिनी, दाट वस्ती आणि जुन्या गोव्याचा परिसर यांना धोका पोहोचेल म्हणून मार्ग पूर्वेकडून, आतल्या भागातून न्यावा, अशी मागणी करत मोठे आंदोलन उभे राहिले. १९९३ मध्ये काम काही काळ थांबले आणि न्यायमूर्ती ओझा यांचा आयोग नेमला गेला. अखेर मूळ मार्गच कायम राहिला. त्या वादात दोन्ही बाजूंना आपापल्या गावाची काळजी होती, हे आज शांतपणे मान्य करायला हरकत नाही.

दुसरा अडथळा जमिनीचा. पेडण्याचा बोगदा जेमतेम दीड किलोमीटरचा, पण तिथे कातळ नाही, पाण्याने भिजलेली मऊ माती आहे. कातळ सुरुंगाने फोडता येतो. ओली माती खणली की वरून पुन्हा खाली येते. तिथे वारंवार ढासळ झाली, वर्षे गेली, आणि संपूर्ण मार्ग सुरू होणे या एका बोगद्यासाठी अडून राहिले. २६ जानेवारी १९९८ रोजी मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. ती माती अजूनही आपला स्वभाव दाखवते. ऑगस्ट २०२० मध्ये या बोगद्याची भिंत कोसळली, तर जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरले, आणि दोन्ही वेळा गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवाव्या लागल्या.

रेल्वे आल्यावर थिवीचे महत्त्व वाढले. म्हापसा बाजार जवळ, आणि अस्नोड्यावरून डिचोलीचा रस्ता सरळ. कोकणकन्या, मांडवी या गाड्या घरच्या माणसांच्या नावासारख्या तोंडी बसल्या. २०२२ मध्ये विद्युतीकरण पूर्ण झाले. जून २०२३ मध्ये सुरू झालेल्या मुंबई-मडगाव वंदे भारतला मडगावपूर्वी गोव्यात एकच थांबा मिळाला, तो थिवीला.

पण स्थानक मोठे होणे वेगळे आणि रोजच्या उपयोगाचे होणे वेगळे. सावंतवाडी-मडगाव पॅसेंजर पेडणे, थिवी, करमळी करत जाते, पण एकेरी मार्गावर लांबच्या गाड्यांच्या गर्दीत अशा स्थानिक गाड्यांना जागा थोडीच मिळते. त्यामुळे पणजीला किंवा वेर्ण्याला नोकरीला जाणारा आपला तरुण आजही दुचाकी नाहीतर बसच धरतो. रूळ आपल्या तालुक्यातल्या मये गावातून जातात, म्हणून तिथे स्थानक व्हावे ही मागणीही जुनी आहे.

स्थानकाच्या सोयी मोजताना आपण तिकीट खिडकी, फलाट, प्रतीक्षालय एवढेच मोजतो. खरे तर फाटकाबाहेरची सोयही त्यातच धरायला हवी. अपरात्री उतरलेल्या म्हाताऱ्या माणसाला अस्नोडा, डिचोली, साखळी करत पाळीपर्यंत येण्यासाठी गाड्यांच्या वेळेशी जुळणारी बस असेल, तरच ते स्थानक त्याचे. खाणींचा धंदा २०१२ पासून डळमळीत झाला आणि बाहेरगावी कामाला जाणारी मुले वाढली. त्यांना दररोज घरी परतता आले, तर गावातली घरे उघडी राहतील. फक्त चवथीला कुलूप निघणारी घरे आपल्याकडे वाढू द्यायची नसतील, तर गाडीला जोडणाऱ्या बसची मागणी पंचायतीच्या ग्रामसभेत आपणच मांडायला हवी.