वाढता कार्बन डायऑक्साइड : वाणागणिक वेगळा प्रतिसाद

हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला की पिकांचे उत्पादनही वाढते, असा समज आहे. तो अंशतः खरा आहे. मात्र ही वाढ पिकानुसार कमीअधिक होते आणि एकाच पिकाच्या निरनिराळ्या वाणांतही तिचे प्रमाण सारखे नसते, असे शेतातील प्रयोगांतून दिसून आले आहे. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रातील सोयाबीन उत्पादकांच्या दृष्टीने हा विषय महत्त्वाचा आहे.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ वेधशाळेत १९५८ मध्ये नियमित मोजणी सुरू झाली, तेव्हा हे प्रमाण सुमारे ३१५ होते. २०२४ मध्ये त्याची वार्षिक सरासरी ४२० च्या वर होती.

पिकांचे दोन गट

गहू, भात, सोयाबीन, हरभरा, तूर व कापूस ही पिके सी-३ गटात मोडतात. हा वायू वाढल्यास त्यांचे प्रकाशसंश्लेषण वेगाने होते. ज्वारी, बाजरी, मका आणि ऊस या सी-४ गटातील पिकांच्या पानांत तो मुळातच एकवटला जातो. त्यामुळे पुरेसे पाणी असताना त्यांना फारसा अतिरिक्त लाभ होत नाही. पाण्याचा ताण असताना मात्र पर्णरंध्रे काहीशी मिटून ओलावा वाचतो.

वाणांतील तफावत

अमेरिकेतील इलिनॉय येथे उघड्या शेतात नळ्यांद्वारे वायू सोडून त्याचे प्रमाण ५५० पर्यंत वाढवण्यात आले आणि सोयाबीनच्या १८ वाणांची अनेक हंगाम पाहणी करण्यात आली. झाडांचे जमिनीवरील वजन सरासरी २२ टक्क्यांनी वाढले. दाण्यांचे उत्पादन मात्र केवळ ९ टक्क्यांनी. बहुतेक वाणांत अतिरिक्त अन्नाचा मोठा वाटा दाण्यांऐवजी पाने व खोडाकडे गेला. अधिक प्रतिसाद देणारे आणि कमी प्रतिसाद देणारे वाण दरवर्षी बहुतांशी तेच राहिले. हा गुण आनुवंशिक असल्याचे ते लक्षण मानले जाते. जपानमधील त्सुकुबा येथे भाताच्या आठ वाणांत उत्पादनवाढ ३ ते ३६ टक्के इतकी भिन्न आढळली. ज्या वाणाची दाणे भरण्याची क्षमता मोठी, त्याला वाढीव अन्नाचा उपयोग अधिक होतो.

जबलपूरचे महत्त्व

जबलपूर शहरात, दीक्षितपुऱ्यासारख्या जुन्या वस्त्यांपासून काही अंतरावर, अधारताल परिसरात १९६४ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे. सोयाबीनच्या वाणांच्या नावातील ‘जेएस’ म्हणजे ‘जवाहर सोयाबीन’. त्यांपैकी १९९४ मध्ये प्रसारित झालेला जेएस-३३५ हा वाण विदर्भ व मराठवाड्यात अनेक वर्षे सर्वाधिक पेरला गेला. एकाच वाणावर मोठे क्षेत्र अवलंबून असल्यास त्या वाणाचा प्रतिसाद हाच त्या प्रदेशाचा प्रतिसाद ठरतो.

जबलपूरमध्येच भारतीय कृषी संशोधन परिषदेचे तण संशोधन निदेशालय आहे. वाढीव कार्बन डायऑक्साइडचा पिके व तणे यांवरील परिणाम तेथे अभ्यासला जातो. गव्हातील गुल्लीदंडा हे तणही सी-३ गटातील असल्याने वायूचा लाभ पिकाबरोबर त्यालाही मिळतो.

मर्यादा

या वायूबरोबर तापमानही वाढते. फुलोऱ्याच्या काळातील उष्णता किंवा पावसाचा खंड यामुळे मिळालेला लाभ नाहीसा होऊ शकतो. शिवाय वाढीव वायूत गहू व भाताच्या दाण्यांतील प्रथिने, लोह व जस्त यांचे प्रमाण घटते. ही घटही वाणानुसार बदलते.

नवा वाण तयार होऊन शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्यास साधारणतः दहा वर्षे लागतात आणि हवेतील हे प्रमाण दरवर्षी दोनहून अधिक भागांनी वाढत आहे. त्यामुळे आजच्या हवेत सरस ठरलेला वाण उद्याही सरस ठरेलच असे नाही. म्हणूनच वाणांची निवड करताना वाढीव वायू व उष्णता या दोन्ही स्थितींत त्यांची एकत्रित चाचणी घेणे आवश्यक ठरते.