सहा हवी होती, पाच उरली

हेलिकॉप्टरसारखं सरळ वर उठायचं आणि मग पंखे पुढे झुकवून विमानासारखं धावायचं, असं यंत्र म्हणजे टिल्टरोटर. अमेरिकी सैन्याला त्याची गरज पटली ती एका रात्रीत. तारीख २४ एप्रिल १९८०.

संध्याकाळी सातच्या सुमारास : 'निमित्झ' या विमानवाहू नौकेवरून आठ सी स्टॅलियन हेलिकॉप्टरं उडाली. तेहरानमध्ये ओलीस धरलेल्या अमेरिकनांना सोडवायचं होतं. पहिला मुक्काम इराणच्या वाळवंटात, तबसजवळ, सुमारे ११०० किलोमीटरवर. रडार चुकवायचं म्हणून जमिनीलगत उडायचं, रेडिओ बंद. किमान सहा हेलिकॉप्टरं लागणार होती, दोन जादा. माझ्या मते घात इथेच झाला होता. हेलिकॉप्टरचा वेग इतका कमी की एका रात्रीत तेहरान गाठून परतणं शक्यच नव्हतं. म्हणून वाटेत इंधन, दिवसभर लपणं, दुसऱ्या रात्री हल्ला, असा लांबलेला बेत. जितके तास जास्त, तितकी यंत्र बिघडायची भीती जास्त.

दोनेक तासांनी : सहा नंबरच्या हेलिकॉप्टरात पात्याला तडा असल्याचा इशारा आला. या पात्यांच्या पोकळीत नायट्रोजन भरलेला असतो. त्याचा दाब उतरला की तड्याचा संशय. ते हेलिकॉप्टर वाळूतच सोडलं. सात उरली.

पावणेअकरा : इंधन आणि कमांडो घेऊन पहिलं सी-१३० विमान उतरलं. तेवढ्यात प्रवाशांनी भरलेली बस आली, ती अडवली. मागून आलेला इंधनाचा टँकर रॉकेटने उडवला, वाळवंट उजळून निघालं. तिकडे हेलिकॉप्टरं पिठासारख्या धुळीत शिरली होती. पाच नंबरची उपकरणं बंद पडली, ते माघारी वळलं. सहा उरली.

मध्यरात्र उलटल्यावर : उरलेली सहा तास-दीड तास उशिराने, एकेक करत पोहोचली. दोन नंबरचा हायड्रॉलिक पंप निकामी झाला होता. तेल गळून गेलं होतं. वाळूजच्या बजाजनगरात ज्यांनी आयुष्यभर हायड्रॉलिक प्रेस चालवली, त्यांना हे वेगळं सांगायला नको. तेल गेलं की पंप कोरडा फिरतो आणि जळतो. कारखान्यात अशा वेळी मशीन थांबवून मेंटेनन्सला हाक मारतात. तिथे हाक कोणाला मारणार? पाच उरली. कमांडोंचे प्रमुख कर्नल बेकविथ यांनी पाचांवर पुढे जायला नकार दिला, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मोहीम थांबवली. हा निर्णय योग्यच होता.

पहाटे अडीचच्या आसपास : परतीच्या तयारीत एक हेलिकॉप्टर जागा बदलायला उचललं. पंख्याच्या वाऱ्याने धुळीचा लोट उठला, वैमानिकाला काही दिसेना. पातं सी-१३०ला लागलं. आठ जण जळून गेले. उरलेली हेलिकॉप्टरं तिथेच टाकून बाकीचे निघाले.

पुढच्याच वर्षी टिल्टरोटरचा कार्यक्रम सुरू झाला. त्यातून आलेलं ओस्प्री १९ मार्च १९८९ रोजी प्रथम उडालं आणि २००७ साली इराकमध्ये उतरलं. तबसचं अंतर ते अडीच तासांच्या आसपास कापेल. मार्च २०११मध्ये लिबियात पडलेल्या एफ-१५च्या वैमानिकाला ओस्प्रीनेच रातोरात उचलून आणलं. वाचलेले तास म्हणजे वाचलेला माणूस, हे तिथे दिसलं.

पण या वेगाची किंमत गिअरबॉक्सला मोजावी लागते. २९ नोव्हेंबर २०२३ रोजी जपानच्या याकुशिमा बेटाजवळ ओस्प्री समुद्रात कोसळलं. पुन्हा आठ मृत्यू. तपास अहवालाने दोन कारणं नोंदवली : डाव्या गिअरबॉक्समधला एक पिनियन (लहान दातेरी चाक) तडकला, आणि तेलात धातूचे कण सापडत असल्याचे इशारे वारंवार येऊनही उतरायची घाई झाली नाही. हा अहवाल जाहीर झालेला आहे. वाळूज एमआयडीसीत जिथे जिथे गिअर बनतात, तिथे तो मराठीत समजावून सांगितला जावा, ही माझी कळकळीची विनंती.