घाटमाथ्याची ओळ

पावसाळ्यात हवामान खात्याच्या रोजच्या इशाऱ्यांत पुणे जिल्हा दोनदा येतो. एका ओळीत पुणे, दुसरीत पुण्याचा घाटमाथा. पहिलीला पिवळा रंग आणि दुसरीला लाल, असं अनेकदा होतं. ही दुसरी ओळ फार उशिरा आली.

या इशाऱ्यांचं मूळ शोधत गेलं तर 1864 च्या ऑक्टोबरात कलकत्त्याला झोडपून काढणाऱ्या चक्रीवादळापाशी आणि पाठोपाठच्या दुष्काळांपाशी पोहोचतो. त्यातून 1875 मध्ये हवामान खातं उभं राहिलं. प्रमुख होते हेन्री ब्लॅनफर्ड. 1878 पासून सिमल्याहून रोजचा अहवाल निघू लागला. ठिकठिकाणचे आकडे तारेनं यायचे. सबंध हिंदुस्थान एका कागदावर मांडायचा, तिथे एखादा घाट वेगळा दिसणार कुठून? 1928 मध्ये मुख्यालय पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही सिमला ऑफिस म्हणतात. इथे वर्षाला सातशेएक मिलिमीटर पाऊस पडतो. साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात चार हजारांच्या आसपास. दोघांना मिळून एकच अंदाज दिला, तर तो कुणा एकाला चुकीचाच ठरणार.

पाऊस मोजण्याची रीत मात्र फारशी बदललेली नाही. सकाळी साडेआठला निरीक्षक पर्जन्यमापकाचं नरसाळं उचलतो, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततो आणि डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतो. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटर झाला की ‘जोरदार’, 115.6 पासून ‘अति जोरदार’, 204.4 च्या पुढे ‘अत्यंत जोरदार’. हे अर्धेमुर्धे आकडे विचित्र वाटतात. पण पूर्ण सेंटिमीटरमध्ये ते सरळ 7, 12 आणि 21 होतात.

अंदाजातला ‘मेघगर्जनेसह’ हा शब्द मात्र मुख्यतः मैदानाचा. एप्रिल-मेमध्ये दुपारपर्यंत जमीन तापते, समुद्रावरून आलेली दमट हवा वर चढते, ढग उंच वाढतात आणि संध्याकाळी वळीव कोसळतो. जुलैतल्या घाटात बहुतेक वेळा ढग ठेंगणे असतात. वारा डोंगराला धडकून वर चढत राहतो, पाऊस थांबत नाही, पण विजा फारशा नसतात. म्हणून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप शेतात उभ्या माणसाला विजेपासून सावध करतं. डोंगराखालच्या वाडीचा धोका निराळा, तो त्यात दिसणार नाही.

आंबेगाव तालुक्यातलं माळीण 30 जुलै 2014 च्या सकाळी दरडीखाली गेलं. दीडशेहून अधिक माणसं गेली. अशा गावाला ‘पुणे जिल्ह्यात पाऊस’ एवढ्या वाक्याचा काय उपयोग?

आता इशारे रंगांत येतात. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंग केवळ मिलिमीटर सांगत नाही, काय करायचं ते सांगतो, आणि मला ही सुधारणा मोलाची वाटते. लाल दिसला की शाळांना सुट्टी पडते. दरडीखालच्या वस्त्या त्याच रात्री हलवल्या जातात का, हे तहसीलदारांना विचारायला हवं. घाटमाथ्याची ओळही अजून मोठीच आहे: जुन्नरपासून भोरपर्यंतचा सगळा डोंगर तिच्यात येतो. तालुक्यागणिक ती तोडायची, तर आधी वाड्यावाड्यांत पर्जन्यमापक बसवावे लागतील.