इंजिन ‘मिसिंग’ मारतं तेव्हा

अक्कलकोटहून दुधनीकडे जाताना वाटेत मैंदर्गी लागतं. कर्नाटकच्या सीमेजवळचं हे लहानसं नगरपरिषदेचं गाव. मराठी आणि कन्नड, दोन्ही भाषा इथे कानावर पडतात. अशा गावांमधून जुन्या गाडीला सहसा निवृत्ती मिळत नाही. शहरात दहा-बारा वर्षं वापरून विकलेली जीप किंवा मोटार इथे वडापाला, मालाला, लग्नकार्याला पुढे कितीतरी वर्षं जुंपलेली असते. दोन-अडीच लाख किलोमीटर पळालेली ही गाडी एक दिवस थांब्यावर उभ्या उभ्या थडथडू लागते. रेस दिली की ठीक चालते, पाय काढला की पुन्हा अडखळते. मेकॅनिक म्हणतो, “मिसिंग मारतेय.”

आता दोष कुठे आहे? अंदाजाने आज प्लग, उद्या कॉइल, परवा कार्बोरेटर असं बदलत गेलं तर दोष सापडेलही, पण तोवर मालकाचा खिसा रिकामा होतो आणि गाडी उभी राहील तितके दिवस कमाईही बंद. म्हणूनच निदान कसं करायचं हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. त्याची उत्तरं माणसांनी कशी शोधली, ते आपण पाहू.

उभ्या गाडीतच दोष का कळतो?

जर्मनीत निकोलाउस ऑटो यांनी १८७६ मध्ये चार फेऱ्यांचं इंजिन यशस्वी केलं. हवा-इंधन आत घेणं, दाबणं, पेटवणं आणि धूर बाहेर टाकणं, या चार कामांत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात. म्हणजे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांतून एकदाच जोर देतो. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला सुमारे २७ धक्के मिळतात. त्यातला एक सिलिंडर गप्प बसला, तर सेकंदाला सहा-सात वेळा खंड पडतो. बॉनेटवर ठेवलेल्या हाताला तो स्पष्ट कळतो.

फेरे ३००० झाले की चित्र बदलतं. फ्लायव्हील म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक. त्यातली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग पावणेचार पट झाला, तर ऊर्जा सुमारे १४ पट होते. एवढ्या साठ्यातून मधला खंड सहज भरून निघतो. शिवाय संथ चालीत इंजिन हवा थोडीच घेतं. त्यामुळे कुठून तरी चोरून शिरलेली थोडीशी हवाही मिश्रण बिघडवायला पुरते. संथ चाल ही इंजिनाची एक परीक्षाच असते.

बोटांनी घेतलेला शोध

अमेरिकेत १९०८ मध्ये फोर्डची ‘मॉडेल टी’ गाडी आली. १९२७ पर्यंत दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या. घेणारे बहुतेक शेतकरी आणि लहान गावांतले लोक. जवळपास गॅरेज नसायचं. या गाडीत प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल असून तिच्यावर थरथरणारी एक पट्टी होती. पट्टी बोटाने दाबून धरली की तो सिलिंडर बंद पडे.

मालकांसाठी छापलेल्या पुस्तिकेत कंपनीने दिलेली पद्धत अशी होती. आधी एक आणि चार नंबरच्या पट्ट्या दाबा. उरलेले दोन आणि तीन नीट चालले, तर दोष एक किंवा चारमध्ये आहे. मग चार सोडून बाकी तिन्ही दाबा. एकटा चार नीट चालला, तर दोषी एक. चार संशयितांचे आधी दोन गट, मग दोनांतला एक. हत्यार एकही लागत नाही, फक्त बोटं आणि तर्क.

सोलापूरच्या माणसाचा कारखाना

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ते सोलापूरपासूनच सुरू होतं. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापूरचा. त्यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि मग तिचंच रूप असलेली ‘प्रीमियर पद्मिनी’ बाहेर पडू लागली. १०८९ घनसेंटिमीटरचं साधं इंजिन, एक कार्बोरेटर आणि एक डिस्ट्रिब्यूटर. मेकॅनिक मंडळी त्याला ‘डेल्को’ म्हणत.

या गाड्यांवर मेकॅनिकांच्या पिढ्या शिकल्या. त्यांची परीक्षा सोपी होती. इंजिन संथ चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लटपटलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तोच दोषी! जो असूनही उपयोगाचा नव्हता, तो गेल्याने काय बिघडणार? इथे ‘बदल न होणं’ हाच पुरावा ठरतो.

वडापाच्या डिझेल जिपांना प्लगची ठिणगी नसते. तिथे प्रत्येक नोझलकडे जाणाऱ्या नळीचा नट जरा सैल करून हीच परीक्षा घेत. मात्र डिझेलचा दाबाखालचा फवारा कातडीच्या आत शिरू शकतो, म्हणून हे जाणत्याचंच काम. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात तर दाब कितीतरी पट असतो. तिथे असा नट मुळीच सोडू नये.

कान, तेल आणि पारा

दोषी सिलिंडर सापडला म्हणजे दोष सापडला असं नाही. ‘कुठे’ आणि ‘का’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. ठिणगी, इंधन, हवा आणि दाब यांपैकी काय कमी पडतंय, हे पुढे शोधावं लागतं.

पॅरिसच्या लेनेक या डॉक्टरांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावून हृदयाचे ठोके ऐकले आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. मेकॅनिक लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाजवळ लावून टॅपेटचा आवाज ऐकतो, ते याच तत्त्वावर. घन पदार्थातून ध्वनी चांगला पोचतो.

दाब कमी भरत असेल तर दुसरी युक्ती. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल आत सोडायचं आणि दाब पुन्हा मोजायचा. वाढला, तर ऑइलने रिंगांच्या फटी बुजवल्या, म्हणजे रिंगा झिजल्यात. तसाच राहिला, तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

तिसरं साधन निर्वात-दाबमापक. टॉरिचेलीने १६४३ मध्ये पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब मोजला. तेच एकक इथे चालतं. समुद्रकाठी चांगलं इंजिन संथ चालीत साधारण ४५ ते ५३ सेंटिमीटर पाऱ्याइतकी ओढ दाखवतं. पण अक्कलकोट-मैंदर्गीचा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच. इथे हवेचाच दाब ७६ ऐवजी ७२ सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे मुंबईत ४८ दाखवणारं निरोगी इंजिन इथे ४४ दाखवेल. पुस्तकातला आकडा तसाच लावला, तर चांगल्या इंजिनावर आळ येतो. आकडा कुठे मोजला, हा आकड्याचाच भाग असतो.

इंधन बदललं, इंजिन तेच

कधी दोष गाडीत नसून बदललेल्या परिस्थितीत असतो. थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये शोधलेलं शिशाचं संयुग अनेक दशकं पेट्रोलमध्ये मिसळलं जात होतं. शिसं विषारी, म्हणून ते गेलं हे उत्तमच झालं. भारतभर १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झालं. पण या शिशाचा पातळ थर जुन्या इंजिनांत व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजेपासून वाचवत असे. तो गेल्यावर मऊ बैठका झिजून व्हॉल्व्ह खोल रुतू लागतात, टॅपेटची फट संपते, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि संथ चालीत दाब गळतो.

आज तसाच प्रश्न इथेनॉलचा आहे. सोलापूर हा उसाचा जिल्हा, आणि उसापासून बनणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ किलो. कार्बोरेटरच्या जेटचं भोक मात्र ठरलेलं. तेवढंच इंधन आणि तेवढीच हवा आत आली की मिश्रण पातळ पडतं, आणि आधीच झिजलेलं इंजिन संथ चालीत अडखळतं. कारण कळलं, तर मिश्रणाचा स्क्रू जरासा फिरवून काम भागू शकतं. नाही कळलं, तर सगळा कार्बोरेटर बदलला जातो.

संगणक काय सांगतो?

अमेरिकेत १९९६ पासून प्रत्येक नव्या मोटारीत दोष टिपणारी संगणकप्रणाली सक्तीची झाली. भारतातही एप्रिल २०१३ पासून मोटारींना ती लागू झाली. क्रँकशाफ्टचा वेग प्रत्येक धक्क्याला किंचित वाढतो. ज्या धक्क्याला तो वाढत नाही, तो सिलिंडर संगणक नोंदवतो. बॉनेटवरचा हात जे ओळखत होता, तेच हे यंत्र मोजून सांगतं.

पण ‘पी ०३०१’ या संकेताचा अर्थ एवढाच, की पहिला सिलिंडर चुकतोय. का, ते त्यात नाही. संकेत वाचून थेट कॉइल बदलणं म्हणजे ताप मोजून औषध ठरवणं. जाणता मेकॅनिक पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलींची अदलाबदल करतो. दोष कॉइलबरोबर दुसऱ्याकडे गेला, तर कॉइल खराब. पहिल्यातच राहिला, तर कॉइल निर्दोष. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा प्रयोगाचा नियम तो रोज पाळतो.

मुंबईत पद्मिनी टॅक्सीची शेवटची नोंदणी २००३ मध्ये झाली होती. टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. तिच्यावर शिकलेले मेकॅनिक मात्र अजून गावोगावी आहेत. ही विद्या फारशी लिहून ठेवलेली नाही. विद्यार्थ्यांनी त्यांच्याशी बोलून ती टिपून ठेवावी, असं आम्हाला वाटतं.

वर्गात करून पाहा

चार मुलांना १, २, ३, ४ क्रमांक द्या. १-३-४-२ या क्रमाने, एका लयीत त्यांना टाळ्या वाजवायला सांगा. पद्मिनीचं इंजिन याच क्रमाने पेटत असे. आता एकाला गुपचूप सांगा, की हात हलवायचे पण आवाज करायचा नाही. बाकी वर्गाने पाठ करून बसावं आणि एकेका क्रमांकाला थांबायला सांगावं. कोण थांबल्यावर लयीत काहीच फरक पडत नाही? मग वेग वाढवून तोच खेळ पुन्हा घ्या. दोषी शोधणं अवघड जातं का, आणि का, यावर मुलांनाच बोलू द्या.