घंटानाद आणि मेंदूतील रक्तप्रवाह

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांनी बर्टिनो नावाच्या एका शेतकऱ्याची तपासणी केली. अपघातात त्याच्या कवटीला भोक पडले होते व तेथून मेंदूचे स्पंदन नोंदविता येत असे. दुपारी चर्चच्या घंटा झाल्या आणि स्पंदन अकस्मात वाढले. ‘नमो मरिया’ म्हणावयाची आठवण झाली काय, असे मोस्सो यांनी विचारताच ते पुन्हा वाढले. मनात विचार उमटला की मेंदूकडे रक्त धावते, याची ती एक आरंभीची खूण होती.

परंतु अभंग कवटीतील रक्त मोजावे कसे? १९४५ साली अमेरिकेत केटी व श्मिट यांनी नायट्रस ऑक्साइड हुंगवून तेही साधले. दर १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर रक्त लागते. मात्र ही झाली साऱ्या मेंदूची सरासरी. १९९० साली सेइजी ओगावा यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, प्राणवायू सोडलेले रक्त चुंबकीय क्षेत्रात वेगळे वागते. त्यामुळे प्रवाहातील बदल नेमका कोठे होतो, हे एमआरआयला टिपता येऊ लागले.

आज ७ टेस्लाच्या, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून लाखाहून अधिक पट प्रबळ, यंत्राने मिलिमीटरहूनही बारीक धमन्यांतील रक्ताचा वेग व स्पंदन मोजता येते. याच धमन्या कठीण झाल्या की वृद्धांना पक्षाघात व स्मृतिभ्रंश गाठतात. साध्या एमआरआयवर बहुधा झालेल्या हानीचे व्रणच दिसतात. व्रण उमटण्याआधी बिघाड ओळखता यावा, हाच या मोजमापामागील हेतू आहे.