थिंबलाचं कूळ

कारेगावात रांजणगाव एमआयडीसीच्या कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या, तरी त्यांना लागून शेतं आहेतच. खोल्यांचा मीटर असो की बोअरची मोटर, वायरमनला एक काम चुकत नाही: खांबाकडून आलेली जाड अ‍ॅल्युमिनियमची केबल पुढच्या बारीक तांब्याच्या केबलला जोडायची. बोअर खांबापासून लांब असेल तर वाटेत व्होल्टेज पडू नये म्हणून केबल जाड घ्यावी लागते. मोटरची चपटी केबल मात्र बारीकच असते. दोन्ही टोकांना थिंबल दाबायचं, पाठीला पाठ लावून बोल्ट आवळायचा आणि वर टेप.

थिंबल हातात घेऊन पाहा: एका बाजूला तार घालायची नळी, दुसऱ्या बाजूला बोल्टच्या भोकाचा चपटा पंजा. त्यावर दोन आकडे ठोकलेले असतात. 16-6 म्हणजे नळी 16 चौरस मिलिमीटरच्या तारेची, भोक 6 मिलिमीटरच्या बोल्टचं. दुसऱ्यावर 4-6. नळी ज्याची त्याची, भोक दोघांचं एक. एकमेकांशी कधीच न जुळणाऱ्या दोन तारा या सामाईक भोकामुळे जुळतात.

पूर्वी जोड म्हणजे कथील. तारा पिळायच्या, ब्लोलॅम्पने तापवायच्या, वर कथील-शिशाचा रस ओतायचा. कसबी हातचा जोड उत्तम व्हायचा. पण भार वाढून जोड तापला की दोनशे अंशांच्या आतच कथील पाघळायचं. युक्रेनमध्ये जन्मलेला अमेरिकी अभियंता बर्न डिब्नर 1920च्या दशकात क्यूबातल्या विखुरलेल्या वीजयंत्रणा एकत्र बांधण्याच्या कामावर होता. तिथल्या अनुभवातून त्याने कथिलाशिवाय, बोल्टने आवळायची जोडणी तयार केली आणि 1924 मध्ये बर्न्डी कंपनी काढली. पुढे याच माणसाने विज्ञानाच्या इतिहासाचे दुर्मीळ ग्रंथ जमवले आणि त्यांतले हजारो स्मिथसोनियन संस्थेला देऊन टाकले. तारा जोडता जोडता त्याला विजेच्या पूर्वजांचाही ध्यास लागला, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

दाबून बसवायच्या टोकाला चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धामुळे. 1941 मध्ये अमेरिकेत अंकस व्हिटेकरने एएमपी कंपनी सुरू केली. विमानं आणि जहाजं यांच्या थरथराटात टिकेल, झटपट बसेल असं टोक हवं होतं. हत्याराने नळी एवढी दाबायची की तारा आणि नळी यांच्यात हवेला जागाच उरू नये.

आपल्याकडे तांबं बरंचसं बाहेरून यायचं, म्हणून अ‍ॅल्युमिनियम आलं. ते तांब्याच्या जेमतेम 61 टक्के वीज वाहतं; 10 चौरस मिलिमीटर तांब्याचं काम करायला 16 अ‍ॅल्युमिनियम लागतं. म्हणजे धातू बदलला की मापही बदललंच. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर हवेतच ऑक्साइडचा थर चढतो, तो वीज अडवतो. बोल्टखाली हा धातू हळूहळू दबतो, तापला की तांब्यापेक्षा जास्त फुगतो, मग जोड सैल पडतो. पावसाचं पाणी लागलं तर तांब्याशेजारी गंजून झिजतो. म्हणून नळी अ‍ॅल्युमिनियमची आणि पंजा तांब्याचा असं बायमेटल थिंबल निघालं. अ‍ॅल्युमिनियमच्या दाबून बसवायच्या थिंबलांसाठी आयएस 8309 हे भारतीय मानकही आहे.

एवढं सगळं असूनही नळीत मावत नाही म्हणून केबलच्या दोन-चार तारा छाटल्या जातात, क्रिम्पिंगचं हत्यार नाही म्हणून थिंबल हातोड्याने चेचलं जातं. छाटलेल्या जागी केबल बारीक होते आणि चेचलेल्या नळीत हवा राहते. जोड काळा पडायला सुरुवात तिथूनच होते. दुसरी गोष्ट त्याहून धोक्याची. बोल्ट दोन केबली जोडतो, त्यांची ताकद एक करत नाही. बारीक केबल जिथे सुरू होते तिथे तिच्या मापाचा एमसीबी, म्हणजे जास्त भाराला आपोआप पडणारा स्विच, हवा. जाड केबलच्या हिशेबाने बसवलेला एमसीबी बारीक केबलवर जास्त भार आला तरी वेळेवर पडणार नाही, आणि खोलीकडे जाणारी बारीक वायर भिंतीच्या आत तापत राहील.